इंग्रजी कंट्री डान्स : रांग पुढे कशी सरकते?

(मंडळाच्या श्रावणातल्या कौटुंबिक मेळाव्यात दिलेले भाषण, स्मरणिकेसाठी थोडे आवरून)



यंदाच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी सायंकाळी 'इंग्रजी कंट्री डान्स' असा कार्यक्रम छापलेला पाहून अनेकांच्या भुवया उंचावल्या. बाप्पासमोर भजन असावे, नाट्यगीत असावे, फार तर लेझीम असावे, हे साहेबाचे नृत्य कशाला? प्रश्न रास्त आहे. ज्या सहा जोड्यांनी हा उद्योग आरंभला, त्यांच्या वतीने आम्ही आज उत्तर द्यायला उभे आहोत. आम्ही नृत्यातले जाणकार नाही. आमच्यापैकी चौघे सरकारी कचेरीत, एक बँकेत, एक निवृत्त. पाय थिरकण्यापेक्षा दुखण्याचेच वय. तरी दोन महिने शिकताना जे उमगले, ते सांगावेसे वाटते.

सुरुवात अशी झाली. आमच्यातल्या एकाची भाची इंग्लंडमध्ये नोकरीला असते. ती मे महिन्यात सुट्टीला आली. तिथल्या गावच्या सभागृहात दर आठवड्याला लोक जमतात आणि तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीची नृत्ये करतात, हे तिने सांगितले. वय पंचविसापासून पंच्याऐंशीपर्यंत. रंगमंच नाही, प्रेक्षक नाहीत, स्पर्धा नाही. एक जण पुढे उभा राहून पुढची चाल ओरडून सांगतो आणि बाकीचे नाचतात. आम्ही विचारले, "मग बघायला कोण येतं?" ती म्हणाली, "कुणीच नाही, मामा. सगळे नाचायलाच येतात." हे उत्तर आमच्या डोक्यात राहिले.

थोडा इतिहास सांगतो, मग मुख्य विषयाकडे वळू. १६५१ साली लंडनमध्ये जॉन प्लेफर्ड नावाच्या पुस्तकविक्रेत्याने 'द इंग्लिश डान्सिंग मास्टर' हे पुस्तक प्रसिद्ध केले. साल लक्षात घ्या. दोनच वर्षांपूर्वी, १६४९ मध्ये, इंग्रजांनी आपल्या राजाचा शिरच्छेद केला होता आणि कर्मठ प्युरिटन मंडळी सत्तेवर होती. अशा वेळी या गृहस्थाने १०५ नृत्ये छापली. प्रत्येकाची चाल सुरांच्या खुणांत आणि खाली पावले कशी टाकायची त्याची चार ओळींची सूचना. पुस्तक इतके चालले की १७२८ च्या सुमारापर्यंत त्याच्या अठरा आवृत्त्या निघाल्या. पुढे एकोणिसाव्या शतकात वॉल्ट्झ आणि क्वाड्रिल आले, आणि शहरातल्या दिवाणखान्यांतून ही नृत्ये मागे पडली. खेड्यापाड्यांत मात्र काही टिकली. विसाव्या शतकाच्या आरंभी सेसिल शार्प या संगीतशिक्षकाने खेड्यांत फिरून ती टिपली, प्लेफर्डच्या जुन्या सूचनांचा अर्थ लावला आणि १९११ मध्ये लोकनृत्यांसाठी संस्था काढली. त्याच्या नावाची वास्तू १९३० पासून लंडनमध्ये उभी आहे. एका माणसाने हट्ट धरला म्हणून नाच वाचला, असे म्हटले तरी चालेल.

आता मुख्य गोष्ट. प्लेफर्डच्या पहिल्या आवृत्तीत तऱ्हेतऱ्हेची नृत्ये आहेत. काही गोलाकार, काही चौकोनी, काही तीन किंवा चार जोड्यांचीच. पण पुढच्या आवृत्त्यांत एका प्रकाराने बाकीच्यांना मागे टाकले. त्याचे वर्णन असे, की लांब रांगेत 'जितके येतील तितके'. किती जोड्या हव्यात याची मर्यादाच नाही. सहा आल्या तर सहा, वीस आल्या तर वीस. उशिरा आलेल्याने रांगेच्या शेवटी उभे राहायचे.

रांग म्हणजे खरे तर दोन रांगा. पुरुष एका बाजूला, स्त्रिया दुसऱ्या बाजूला, तोंडे समोरासमोर. वादक ज्या टोकाला बसतात ते 'वरचे' टोक, दुसरे 'खालचे'. वरून खाली जोड्या मोजायच्या: पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. पहिल्या दोन जोड्यांचा मिळून एक चौकडा, पुढच्या दोघांचा दुसरा, असे रांगभर लहान चौकडे पाडायचे. नाच सुरू होण्यापूर्वी चौघांनी एकमेकांचे हात धरून चौकडा नक्की करून घ्यायचा. ही पायरी टाळली की पुढे सगळा गोंधळ, हे आम्ही अनुभवाने सांगतो. चौकड्यातल्या वरच्या जोडीला 'एक' म्हणायचे, खालच्या जोडीला 'दोन'.

गाण्याची चाल साधारण चार तुकड्यांची असते. पहिला तुकडा दोनदा, दुसरा तुकडा दोनदा. एवढ्यात एक फेरी होते, आणि तिला अर्धा मिनिट लागतो. या अर्ध्या मिनिटात चौकड्यातले चौघे हात धरून गोल फिरतात, उजवे हात मध्ये घालून चाक करतात, पाठीला पाठ लावून एकमेकांभोवती जातात, असे काहीबाही चालते. प्रत्येक नाचाचे हे नक्षीकाम वेगळे. पण फेरीच्या शेवटी एक गोष्ट ठरलेली असते: 'एक' जोडी एक जागा खाली आलेली असते आणि 'दोन' जोडी एक जागा वर गेलेली असते. ती अदलाबदल कशी करायची याच्याही रीती आहेत. साधी रीत म्हणजे 'एक' जोडीतले दोघे रांगेच्या बाहेरून वळून खाली यायचे आणि 'दोन' जोडीने हात धरून मधून वर जायचे.

चाल पुन्हा सुरू होते. थांबायचे नाही, रांग नव्याने लावायची नाही. 'एक' जोडी खाली तोंड करते, तिला समोर नवी 'दोन' जोडी दिसते. 'दोन' जोडी वर पाहते, तिला नवी 'एक' जोडी दिसते. नवे चौकडे आपोआप तयार. तेच नक्षीकाम, नवे शेजारी. यालाच ते लोक प्रोग्रेशन म्हणतात. आपण 'सरकणे' म्हणू.

आपल्या बडोद्याच्या माणसाला हे चटकन समजते, कारण नवरात्रात आपण दोन रांगांचा दांडिया खेळतो. तिथेही दर आवर्तनाला एक जागा सरकायचे, टोकाला पोहोचले की पलीकडच्या रांगेत जायचे. पण एक फरक आहे. दांडियात समोरचा जोडीदार बदलत जातो. इथे जोडीदार शेवटपर्यंत तोच, बदलतात ते शेजारी. जेन ऑस्टेनच्या 'नॉर्थँगर ॲबी' या कादंबरीत नायक या नाचाची तुलना चक्क लग्नाशी करतो. जोडीदार एकदा ठरला की नाच संपेपर्यंत त्याच्याशी इमान राखायचे, असा त्याचा मुद्दा. आमच्या सौभाग्यवतींनी हा भाग दोनदा सांगायला लावला आहे, म्हणून सांगितला.

आता टोकांची गोष्ट. सगळी गंमत टोकांनाच आहे. वर सरकत सरकत एखादी 'दोन' जोडी अगदी वरच्या टोकाला पोहोचली. आता तिच्या वर कुणीच नाही. तिने काय करायचे? एक फेरी स्वस्थ उभे राहायचे. बाकीचे नाचतात, ही जोडी पाहते. पुढच्या फेरीला ती पुन्हा नाचात शिरते, पण आता 'एक' होऊन. म्हणजे इतका वेळ वर चढत होती, ती आता खाली उतरू लागते. खालच्या टोकालाही तसेच. उतरत आलेली 'एक' जोडी तळाला एक फेरी थांबते, आणि पुढच्या फेरीला 'दोन' होऊन वर चढू लागते.

हे तोंडी सांगून पटत नाही. आम्हालाही पटले नव्हते. म्हणून आमच्यातल्या बँकवाल्याने कागद-पेन्सिल घेऊन सहा जोड्यांचा तक्ता मांडला. तोच इथे फळ्यावर लिहितो. डावीकडे वरचे टोक, उजवीकडे खालचे.

सुरुवातीला : १ २ ३ ४ ५ ६
पहिल्या फेरीनंतर : २ १ ४ ३ ६ ५
दुसऱ्या फेरीनंतर : २ ४ १ ६ ३ ५
तिसऱ्या फेरीनंतर : ४ २ ६ १ ५ ३
चौथ्या फेरीनंतर : ४ ६ २ ५ १ ३
पाचव्या फेरीनंतर : ६ ४ ५ २ ३ १
सहाव्या फेरीनंतर : ६ ५ ४ ३ २ १

सहा फेऱ्यांत रांग बरोबर उलटी झाली. सगळ्यांत वर असलेली जोडी तळाला, तळाची जोडी माथ्याला. आणखी सहा फेऱ्या केल्या की रांग पुन्हा जशीच्या तशी. बारा फेऱ्यांचे मिळून सहा-सात मिनिटे.

आता तक्त्यात आणखी दोन गोष्टी पाहा. पहिल्या सहा फेऱ्यांत प्रत्येक जोडी बाकीच्या पाचही जोड्यांना एकेकदा भेटते. एकही सुटत नाही, एकही दोनदा येत नाही. आणि दुसरी, प्रत्येक जोडी या सहा फेऱ्यांत नेमकी एकदाच थांबते. दुसऱ्या फेरीत २ आणि ५ थांबले, चौथीत ३ आणि ४, सहावीत १ आणि ६. पाच जोड्या घेतल्या तरी हिशेब असाच बसतो: पाच फेऱ्या, चार भेटी, एक थांबणे. दहा घेतल्या तरी तेच. कुणी वर सुरू केले, कुणी खाली, कुणी मध्ये, शेवटी सर्वांच्या वाट्याला नाच तेवढाच आणि थांबणे तेवढेच. बँकवाला म्हणाला, "आयुष्यात इतका चोख ताळेबंद पाहिला नाही."

गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये चर्चच्या घंटा वाजवण्याची एक जुनी कला आहे. सहा घंटा असतील तर दर वेळी क्रम बदलत वाजवायच्या. त्यातला सर्वांत साधा क्रम लिहून काढला तर वरचा तक्ताच तयार होतो, आकड्याला आकडा. फेबियन स्टेडमन या माणसाने १६७७ मध्ये घंटानादावर पुस्तक लिहिले, त्या काळात प्लेफर्डच्या आवृत्त्या निघतच होत्या. वर टांगलेल्या घंटा आणि खाली नाचणारी माणसे एकाच गणिताने चालत होती.

सर्वच नाच दोन-दोन जोड्यांच्या चौकड्यांचे नसतात. तीन-तीन जोड्यांचे गटही असतात. तिथे 'एक' जोडी दर फेरीला एक जागा खाली येते, आणि वर चढणारी जोडी एका फेरीत 'तीन' असते तर पुढच्या फेरीत 'दोन', पुन्हा 'तीन', अशी आलटून पालटून. वरच्या टोकाला पोहोचले की एक नाही, दोन फेऱ्या थांबावे लागते. आम्ही एकदाच करून पाहिले आणि हात जोडले. काही नाचांत चौकडेच नसतात. 'सर रॉजर द कव्हर्ली' या नाचात माथ्याची जोडी एकदम तळाला जाते आणि बाकीचे सगळे एकेक जागा वर येतात. डिकन्सच्या 'ख्रिसमस कॅरल'मध्ये फेझिविग शेठजी आपल्या नोकरमाणसांबरोबर जो नाच करतात, तो हाच. आणि काही नाचांत जोड्या सभागृहभर गोलाकार उभ्या राहतात. तिथे टोकच नाही, म्हणून थांबणेही नाही.

आता एक जुनी रीत सांगतो, कारण आमच्या कथेचा धागा तिच्यात आहे. आज सगळे चौकडे एकदम नाचायला लागतात. दोनशे वर्षांपूर्वी तसे नव्हते. तेव्हा फक्त माथ्याची जोडी सुरू करी, दुसऱ्या जोडीबरोबर. बाकीची सगळी रांग उभी. माथ्याची जोडी एकेक जागा खाली उतरत जाई, आणि ती पुरेशी खाली गेली की माथ्यावर नव्याने आलेली जोडी आपला नाच सुरू करी. कोणता नाच करायचा हे माथ्याची जोडी ठरवी. खालच्यांना तो येत नसला तरी बिघडत नसे, कारण आपली पाळी येईपर्यंत त्यांनी तो अनेकदा डोळ्यांनी पाहिलेला असे. शिकवणीची गरज नाही, रांगेत उभे राहणे हीच शिकवणी.

पण यात एक धोका होता. मोठी रांग असेल तर नाच पाऊण-एक तास चाले. माथ्याची जोडी सर्वांत आधी नाचून तळाला पोहोचे. तिची हौस भागलेली. ती जर खुर्चीवर जाऊन बसली तर? मग मागून उतरत येणाऱ्यांना नाचायला जोडीच उरणार नाही. म्हणून त्या काळच्या शिष्टाचारात नियम होता, की आपला नाच उतरून झाला तरी रांग सोडायची नाही. सगळ्यांचा होईपर्यंत तळाला उभे राहायचे, येणाऱ्यांना हात द्यायचा. ज्यांनी आधी मजा केली, त्यांनी ती नंतरच्यांसाठी परत करायची. मध्येच निघून जाणे हा रांगेतल्या सर्वांचा अपमान समजला जाई.

आता आमची हकीकत. सहा जोड्या जमवल्या. आपल्या पद्धतीप्रमाणे वयाने मोठ्या काका-काकूंना माथ्यावर उभे केले. नाव घेत नाही, पण मंडळाची पंचवीस-तीस वर्षांची हिशेबाची वही ज्यांच्या अक्षरात आहे ते काका, एवढे म्हटले की कळेल. त्यांच्याखाली दुसऱ्या क्रमांकावर सर्वांत नवी जोडी. दीड वर्षापूर्वी नोकरीनिमित्त बडोद्यात आलेली, मंडळात फारशी ओळख नसलेली. हा क्रम मुद्दाम लावला नव्हता, ते दोघे संकोचाने आमच्या मागे उभे राहिले आणि आम्ही त्यांना पुढे ढकलले, इतकेच.

पहिली फेरी झाली. काका एक जागा खाली आले आणि म्हणाले, "हे काय, आल्या आल्या पदावनती?" सगळे हसलो. आमच्यातले निम्मे सरकारी नोकर, त्यामुळे सरकण्याची गोष्ट निघाली की ज्येष्ठता यादीच डोळ्यांपुढे येते. कचेरीत वर जायचे तर वरच्याने निवृत्त व्हावे लागते, किंवा आणखी काही व्हावे लागते. पदविकावाल्याची यादी वेगळी, पदवीवाल्याची वेगळी. वीस वर्षे त्याच खुर्चीवर बसलेला माणूस आमच्यात आहे. इथे मात्र खालचा वर येतो तो वरचा खाली आल्यामुळेच, आणि खाली गेलेला पुन्हा वर येतो. पण हे गणित तोवर काकांना ठाऊक नव्हते. आम्हालाही नव्हते.

दुसरी, तिसरी, चौथी फेरी. काका उतरत गेले. पाचव्या फेरीनंतर तळाला आले. सहाव्या फेरीत त्यांच्याबरोबर नाचायला कुणी उरले नाही. थोडा वेळ उभे राहिले, मग काकूंना म्हणाले, "चला, आपलं झालं," आणि भिंतीकडेच्या खुर्चीवर जाऊन बसले. सातवी फेरी सुरू झाली. आता फळ्याकडे पाहा. सहाव्या फेरीनंतर तळाला कोण आहेत? २ आणि १. म्हणजे ती नवी जोडी वर जाऊन, थांबून, पुन्हा उतरत उतरत काकांच्या शेजारी आली होती. पहिल्या फेरीत काकांनी त्यांना वर पाठवले होते, आता त्यांनी काकांना वर पाठवायचे. त्या दोघांनी हात पुढे केले. समोर कुणीच नाही. ते तसेच हात पुढे करून उभे राहिले, आणि रांग थांबली.

भाचीने मोबाइलवरची चाल बंद केली. ती काकांपाशी गेली आणि म्हणाली, "काका, तुमचं संपलं नव्हतं. तुम्हाला फक्त एक फेरी थांबायचं होतं." काका म्हणाले, "आम्हाला कुणी सांगितलं नाही, बाळ." तीन शब्दांचे वाक्य नाही, पण सभागृहात एकदम शांतता झाली. कारण ते नाचाबद्दल बोलत नव्हते, हे आम्हा सर्वांना कळले.

गेल्या वर्षीच्या वार्षिक सभेत नवी कार्यकारिणी आली. हिशेब संगणकावर गेला. जे झाले ते योग्यच झाले. पण काकांच्या हातून वही घेताना कुणी चार शब्द बोलले नाही, पुढे तुम्ही काय कराल हे विचारले नाही. आम्हीही त्या सभेत होतो. हात वर करून ठराव मंजूर करणाऱ्यांत होतो. त्यानंतर काका सभांना येईनासे झाले. आम्ही आपापसांत म्हणत राहिलो, की वय झाले, थकले असतील. त्या दिवशी कळले, की ते थकले नव्हते. तळाला आल्यावर एक फेरी थांबायचे असते आणि मग पुन्हा आत यायचे असते, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. आणि त्यांच्याशिवाय खालच्या टोकाला नवी जोडी हात पुढे करून उभी राहते, हे आम्हाला दिसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी काका येतील की नाही याची धाकधूक होती. आले. आम्ही त्यांना पुन्हा माथ्यावर उभे करू लागलो तर म्हणाले, "आज मधे राहू दे. मधून कसं दिसतं ते बघू." त्या दिवशी प्रथमच बारा फेऱ्या न चुकता झाल्या. थांबायची पाळी आली तेव्हा काका टाळीने फेरी मोजत उभे होते, आणि थांबलेल्या माणसाला पूर्ण रांग किती छान दिसते हे नंतर त्यांनीच आम्हाला सांगितले. नाचताना फक्त चौघे दिसतात. टोकाला थांबले की सगळे दिसतात, कुठे चुकते आहे तेही दिसते. सध्या चुकणाऱ्यांना टोकावरून हळूच हाक मारून सावरण्याचे काम टोकाला थांबलेली जोडी करते. मंडळाच्या हिशेबतपासनिसाचे कामही काका यंदा पाहत आहेत. ते नाचामुळे झाले असे आम्ही म्हणणार नाही. त्यांच्या घरी जाऊन, चहा पिऊन, चूक कबूल करून विचारले, म्हणून झाले. मात्र जायला हवे हे आम्हाला त्या रिकाम्या जागेने शिकवले.

आता शेवटी त्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर. बाप्पासमोर साहेबाचा नाच कशाला? एक तर हा नाच कधीच एका घरात राहिला नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस तो फ्रान्समध्ये गेला आणि कोंत्रदान्स झाला, पोर्तुगीजांकडे जाऊन कोंत्रादान्सा झाला आणि त्यांच्याबरोबर गोव्याच्या दिवाणखान्यांपर्यंत आला. दुसरे म्हणजे बाप्पाला परक्या सुरांचे वावडे नाही. मुथुस्वामी दीक्षितरांनी दक्षिणेत इंग्रजांच्या बँडवर वाजणाऱ्या पाश्चात्त्य चाली ऐकून त्यांवर संस्कृत रचना बांधल्या. त्यांना नोट्टुस्वर म्हणतात. त्यांतली मुलांना अगदी आरंभी शिकवतात ती रचना गणपतीची आहे, 'शक्तिसहितगणपतिम्'. आणि त्याच काळात तंजावरच्या गादीवर असलेल्या आपल्या सरफोजीराजांनी पदरी पाश्चात्त्य वाद्यांचा ताफा बाळगला होता. परमुलखात पिढ्यान् पिढ्या राहिलेला मराठी माणूस दुसऱ्याचे सूर ऐकत आला, आणि आपल्या देवाला ऐकवतही आला. आपणही त्यातलेच.

तिसरे आणि खरे कारण असे. आपल्या मंडळात कार्यक्रम करणारे दहा आणि पाहणारे दोनशे, असे होत चालले आहे. पुढच्या खुर्च्या त्याच घरांच्या, मागे उभे राहणारे तेच. नवी कुटुंबे येतात, आरती घेतात, प्रसाद घेतात आणि ओळख न होताच जातात. या नाचात ते शक्यच नाही. उलटी होईपर्यंत रांग चालू ठेवली, तर प्रत्येकाला प्रत्येकाचा हात धरावाच लागतो.

म्हणून चौथ्या दिवशी आरतीनंतर सर्वांनी यावे ही विनंती. जोडी नवरा-बायकोचीच हवी असे नाही. इंग्लंडातही दोन मैत्रिणी, आजी-नातू, बहीण-भाऊ अशा जोड्या सर्रास उभ्या राहतात. ज्या काकू एकट्या आहेत त्यांनी एकट्याच यावे, जोडीदार आम्ही देऊ. चपला बाहेर, पायात मोजे नकोत, फरशी गुळगुळीत आहे. पावले येत नसतील तर अगदी खाली उभे राहा, वर येईपर्यंत येतील.

फक्त दोन नियम पाळावेत. नाच सुरू होण्यापूर्वी चौघांनी हात धरून आपला चौकडा कोणता ते पाहून घ्यावे. आणि टोकाला आलात, शेजारी कुणी उरले नाही, की खुर्चीकडे जाऊ नये. तिथेच उभे राहावे. एक फेरी. तेवढ्यात कुणीतरी तुमच्याकडे येतच असते.

गणपती बाप्पा मोरया!